दुभती म्हैस बाजारात कोण नेतं?

प्रश्न : काका, माझा मुलगा वाळूज एमआयडीसीत एका व्हेंडरकडे, म्हणजे मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्याकडे, सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनवर) आहे. तिथं इंजिनाचे पार्ट बनतात. मोठ्या कंपन्यांकडे पैसा आहे, इंजिनिअर आहेत, तरी इलेक्ट्रिक गाड्यांत त्या एवढ्या मागं काहून राहिल्या? आणि पोराच्या नोकरीचं काय?
— एक वाचक, गंगापूर

उत्तर : दादा, याचं उत्तर मी नोकरीत 26 वर्षं रोज डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या शॉपमध्ये सिलिंडर होनिंगची, म्हणजे इंजिनाचा सिलिंडर आतून घासून गुळगुळीत करायची लाइन होती. बोअर, म्हणजे त्याच्या आतलं भोक, मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजायचं. गेजचा काटा जरा सरकला की सुपरवायझर पळत यायचा. त्या लाइनचं कर्ज कधीच फिटलेलं, आता ती निव्वळ कमावत होती. ती बंद करा म्हणून मालकाला सांगणार कोण? दुभती म्हैस कुणी बाजारात नेतं का?

इलेक्ट्रिक मोटर म्हणजे ढोबळमानानं स्टेटर (स्थिर भाग), रोटर (फिरणारा भाग) आणि बेअरिंग. पिस्टन नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. इंजिनात कंपनीची पन्नास-पन्नास वर्षांची अक्कल मुरलेली असते. इलेक्ट्रिकमध्ये सगळ्यात महाग वस्तू बॅटरी, आणि तिचे सेल बहुतेकांना बाहेरून आणावे लागतात. चीनची बीवायडी उलट्या बाजूनं आली. 1995 साली बॅटरीपासून सुरुवात, गाड्यांत शिरली 2003 मध्ये. तिला हे दुखणं कमी.

मोठ्यांना कळत नव्हतं असं मात्र नाही. अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं 1996 मध्येच ईव्ही1 ही इलेक्ट्रिक गाडी आणली होती. विकली नाही, भाड्यानं दिली, आणि पुढं परत घेऊन बहुतेक गाड्या मोडीत काढल्या! बरं, उडी घेणाऱ्यांचंही सोपं नाही. 2023 मध्ये फोर्डला इलेक्ट्रिक विभागात 4.7 अब्ज डॉलरचा तोटा झाला. तो सोसला पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांच्या कमाईनं.

डीलरचंही तेच. त्याचं वर्कशॉप ऑइल, प्लग, क्लच प्लेटवर चालतं. माझा भाचा इलेक्ट्रिक स्कूटर बघायला गेला, तर तिघांनी मिळून त्याला पेट्रोलचीच दाखवली.

आपल्याकडचं बघा. बजाजची चेतक 1972 ची, वाळूजचा कारखाना 1985 चा. इलेक्ट्रिक चेतक बाजारात आली जानेवारी 2020 मध्ये.

आता पोराचं. पार्ट कोणता, ते आधी विचारा. व्हॉल्व्ह, पिस्टन, कनेक्टिंग रॉड असेल तर आतापासून हातपाय हलवा. ब्रेक, सस्पेन्शन असेल तर घाई नको, ते दोन्ही गाड्यांना लागतं. सीएनसीवर बसलेला हात वाया जात नाही. जोडीला मोटर वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, शिकू द्या. आपल्या जवळच्या बिडकीनमधल्या गाड्यांच्या प्रकल्पासाठी टोयोटा किर्लोस्करनं 2024 मध्ये राज्य सरकारशी करार केलाय, तिकडं लक्ष ठेवा. आणि एक : व्हेंडरनं शेवटचं मशीन कोणत्या पार्टासाठी घेतलं आणि कर्ज किती वर्षांचं काढलं, तेही पोराकडून काढून घ्या. मालक पुढची किती वर्षं इंजिनावर भरवसा ठेवून आहे, ते त्यातच दिसेल.