पत्रकावरून आधी मुलीचा फोटो काढा

प्रश्न (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत): मी कोपरखैरण्याला राहतो, महापे एमआयडीसीत नोकरीला आहे. चौदा महिन्यांपूर्वी बायको आमच्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन खारघरला माहेरी गेली. नंतर तिने इकडे, ठाणे जिल्ह्यातच घटस्फोटाचा अर्ज केला. इतक्या दिवसांत मला मुलगी दोनदाच भेटली. भेटू देत नाहीत म्हणून गेले तीन महिने मीही पैसे पाठवलेले नाहीत. आईवडिलांच्या हक्कांना कायद्याचं संरक्षण मिळावं म्हणून मी ‘बापाला न्याय द्या’ असं पत्रक छापलं. त्यात मुलीचा फोटो आणि बायकोच्या प्रतिज्ञापत्रातली वाक्यं आहेत. सोसायटीतल्या साठ घरांतून अकराच सह्या मिळाल्या. बायका तर वाचायलाही तयार नाहीत. समोरच्या ताई म्हणाल्या, ‘तुम्हाला लेक हवीय की बायकोला धडा शिकवायचाय?’ लोकांना कसं पटवून देऊ? आणि या पत्रकाने माझ्या केसला धक्का लागेल का?

उत्तर: नमस्कार. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तिथे वेळ कमी आहे. हो, धक्का लागेल. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 22 प्रमाणे अशा खटल्याचं कामकाज बंद दाराआड चालतं आणि त्यातला मजकूर छापायला किंवा प्रसिद्ध करायला मनाई आहे. दंड एक हजार रुपयांपर्यंतचाच आहे, पण मला काळजी त्या दंडाची नाही. उद्या तुमच्या पत्नीचे वकील ते पत्रक न्यायाधीशांपुढे ठेवतील आणि विचारतील, लेकीचा फोटो अनोळखी माणसांच्या हातात देणारा हा बाप तिला काय जपणार? त्याला तुमच्याकडे उत्तर नसेल. उरलेल्या प्रती आजच परत घ्या. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं असेल तर तिथूनही काढा.

दुसरं, पैसे. ते आजच बँकेतून पाठवा, तीन महिन्यांची थकबाकी धरून. भेट होत नाही तोवर पैसे नाहीत, असा हिशोब कुठलंही कोर्ट मानत नाही. लेकीचं जेवण, शाळा आणि औषधपाणी तुमच्या भेटीसाठी थांबत नाही. चांगल्या बापांनी नेमक्या याच रागापायी स्वतःची बाजू लंगडी करून घेतलेली मी कितीदा पाहिली आहे, म्हणून इतकं ठासून सांगते आहे.

आता भेटीचं. पत्र दोनदा वाचलं, पण भेटीसाठी अर्ज केल्याचा उल्लेख त्यात कुठेच नाही. चौदा महिन्यांत तुम्ही पत्रक छापलं, पण अर्ज केलेला नाही! घटस्फोटाची केस चालू आहे, तर तिथेच हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या आदेशासाठी, अर्ज करा. पालकत्वाच्या 1890 च्या कायद्याखाली स्वतंत्र अर्ज करायचा म्हटलं तर मूल जिथे राहतं तिथल्या कोर्टात जावं लागतं. आपण सगळे खारघरला नवी मुंबईच म्हणतो, पण ते पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात येतं. दोन जिल्ह्यांत दोन वकील आणि दोन तारखा कशाला? अर्जात ‘मुलीला भेटू द्यावे’ एवढंच मोघम लिहू नका. दर पंधरा दिवसांनी शनिवारी सकाळी दहा ते दुपारी एक, जागा खारघरचं सेंट्रल पार्क, आठवड्यातून दोनदा संध्याकाळी व्हिडिओ कॉल, शाळेच्या पालकसभेला हजर राहण्याची मुभा, असं नेमकं मागा. लेकीला तुमची सवय राहिलेली नाही, म्हणून सुरुवातीच्या भेटींना आजी किंवा आई जवळ असायला हरकत नाही, हेही तुम्हीच लिहा. यशिता साहू प्रकरणात 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की ताबा एकाकडे असला तरी मुलाला दोघांचा सहवास मिळायला हवा, आणि अंतर जास्त असेल तर व्हिडिओ कॉलचाही मार्ग आहे. तुमच्या आणि लेकीच्या मध्ये तर फक्त ठाणे-पनवेल लोकल आहे.

एक गैरसमज मात्र आताच काढून टाका. पाच वर्षं पूर्ण झाली की मूल आपोआप बापाकडे येतं, असं बरेच लोक धरून चालतात. तसं नाही. हिंदू अल्पवयीनता व पालकत्व कायद्याचं कलम 6 म्हणतं की पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. पाचनंतर काय, हे कलम 13 वर ठरतं, आणि तिथे सर्वांत वर मुलाचं हित आहे. आईचा हट्ट किंवा बापाचा मान तिथे चालत नाही.

आणि हेच कलम 6 मला तुमच्या पत्रकात हवं होतं. तुम्ही त्यातला अर्धाच भाग पाहिला आहे, जो तुम्हाला टोचतो तो. उरलेला अर्धा तुमच्या समोरच्या ताईंना टोचतो. तेच कलम सांगतं की हिंदू मुलाचा नैसर्गिक पालक आधी वडील, आणि त्यांच्या ‘नंतर’ आई. लेखिका गीता हरिहरन यांना रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांच्या अर्जावर आई म्हणून सही करायची होती, तेवढ्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. 1999 साली न्यायालयाने ‘नंतर’चा अर्थ सैल केला. बाप हयात असला तरी तो लक्ष घालत नसेल किंवा दूर असेल तर आई पालक ठरते, असं सांगितलं. पण कलमातला शब्द तसाच राहिला. महाराष्ट्रात 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव, असा क्रम आला. आईचं नाव कागदावर मधोमध आलं, पालकत्वात मात्र ती अजून दुसरीच आहे. माझ्याकडे एक आई आली होती. नवरा चार वर्षं बेपत्ता, आणि मुलाच्या शाळेच्या बदलीच्या कागदावर ‘वडिलांची सही आणा’ म्हणून तिला तीन खेपा घालायला लावल्या होत्या. ती माझ्या ऑफिसात रडली नाही, हात थरथरत होते फक्त. तुमचं ‘बापाला न्याय द्या’ अशा बाईच्या हातात पडलं तर ती सही का करील? तिच्या लेखी न्याय आधीच बापाकडे झुकलेला आहे.

तेव्हा मागणी बदला. दोघेही एकाच वेळी, बरोबरीने नैसर्गिक पालक असावेत. वेगळे झाल्यावर मुलाला दोघांशी नियमित भेट मिळावी. ही मागणी माझ्या डोक्यातून आलेली नाही. न्यायमूर्ती ए. पी. शहा अध्यक्ष असताना विधी आयोगाने, म्हणजे कायद्यांत सुधारणा सुचवणाऱ्या केंद्राच्या आयोगाने, मे 2015 मध्ये 257 वा अहवाल दिला, त्यात पालकत्वाची बरोबरीही आहे आणि संयुक्त ताब्याचा विचारही. आईबद्दलचा भेदभाव काढा, असं आयोगाच्या 133 व्या अहवालाने 1989 मध्येच सुचवलं होतं. शिवाय भारताने 11 डिसेंबर 1992 रोजी मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या अनुच्छेद 9 मध्ये हक्क लिहिलाय तो मुलाचा: आईवडिलांपासून वेगळं राहणाऱ्या मुलाला दोघांशी नियमित, थेट संबंध ठेवता आला पाहिजे, त्याच्या हिताला बाधा येत नसेल तर. लोकांना पटतं ते इथून सांगितलं तर. बापाचा हक्क म्हटलं की ऐकणारा लगेच बायकोची बाजू आठवतो. लेकीचा हक्क म्हटलं की आपल्या घरातली लेक आठवते.

‘हिताला बाधा येत नसेल तर’ हे शब्द पत्रकात ठळक छापा, शेवटी बारीक अक्षरात नकोत. बायका वाचायला तयार नाहीत, त्याचं खरं कारण मला भीती वाटतं. मारहाणीतून सुटून माहेरी आलेल्या बाईला ‘समान ताबा’ ऐकलं की तो माणूस पुन्हा दारात उभा दिसतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात कलम 21 आहे. भेटीने मुलाचं नुकसान होईल असं वाटलं तर दंडाधिकारी भेट नाकारू शकतात. हे कलम आम्हाला जसंच्या तसं हवं आहे, असं तुम्ही स्वतः लिहा. तुम्ही तसे नाही, हे मला पत्रावरून वाटतंय, पण तुमच्या मागणीच्या आडोशाला तसा माणूस उभा राहू शकतो. त्याला तिथे जागा नाही, हे लोकांना तुमच्या तोंडून ऐकायचं आहे.

मग सह्या कोणाकडे न्यायच्या? फक्त दिल्लीकडे बघू नका. ‘बालके आणि अल्पवयीन’ हा विषय संविधानाच्या समवर्ती सूचीत, नोंद 5 मध्ये आहे, म्हणजे राज्यालाही कायदा करता येतो. केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते, एवढंच. तुमच्या आमदारांना आणि खासदारांना एकाच मजकुराचं निवेदन द्या, अहवालांचे क्रमांक लिहून. कलम 6 फक्त हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू आहे, पण 1890 चा कायदा सगळ्यांचा आहे. म्हणून दोन्हींत दुरुस्ती मागा, म्हणजे तुमच्या बिल्डिंगमधली मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबंही त्यात येतील. आजी-आजोबांना विसरू नका. नातवंडं तुटलेली म्हातारी माणसं सोसायटीच्या बाकावर रोज संध्याकाळी बसलेली असतात, त्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

तुमची स्वतःची केस यात एका ओळीनेही आणू नका. पत्नीबद्दल एक शब्द नको. कोणी विचारलंच, तर ‘माझं प्रकरण कोर्टात आहे, त्यावर बोलणार नाही’ इतकंच.

आधी अर्ज दाखल करा, पत्रक नंतर. नवा मसुदा झाला की छापखान्यात देण्याआधी समोरच्या ताईंकडे न्या, हातात पेन द्या आणि खटकेल ते खोडायला सांगा. त्यांनी खोडलेली प्रत मला पाठवा, कायद्याच्या बाजूने मी तपासून देईन.