परसातलं पशुधन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गिरिराज जातीच्या कोंबडीची एक दिवसाची ५० पिल्लं आणली. चार दिवसांत १७ मेली. रोज सकाळी खोलीच्या एका कोपऱ्यात ढीग झालेला असतो, खालची मेलेली सापडतात. खाद्य-पाणी भरपूर आहे, १५ वॉटचे दोन एलईडी बल्ब रात्रभर चालू असतात. राणीखेत (कोंबड्यांचा साथीचा रोग) असेल का?
— एक वाचक, निफाड

उत्तर : राणीखेत नाही, ही थंडीची मर आहे, आणि कारण त्या बल्बमध्येच आहे. एलईडी उजेड देतो, ऊब जवळजवळ देतच नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा कधीकधी पाच-सहा अंशांच्याही खाली उतरतो, आणि पिल्लाला पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंश लागतात. ऊब शोधत ती एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात.

जुन्या पद्धतीचे तारेचे ६० वॉटचे दोन बल्ब आणा. मिळाले नाहीत तर ब्रूडरचा (पिल्लांना ऊब देणारा) लाल बल्ब घ्या. पत्र्याचं किंवा जाड पुठ्ठ्याचं दीड फूट उंच, चार फूट व्यासाचं गोल कडं करा. गोलच हवं, कारण कोपरा असला की ढीग होणारच. खाली दोन-तीन इंच कोरडं भाताचं तूस (इगतपुरी, त्र्यंबकच्या भातगिरण्यांत मिळतं), त्यावर पहिले तीन दिवस कागद. बल्ब तुसापासून साधारण दीड फुटावर टांगा. नवी पिल्लं आणाल तेव्हा ती येण्याआधी निदान सहा तास बल्ब चालू ठेवा, म्हणजे तूसही तापतं.

थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर धरा. पण खरं सांगतात ती पिल्लंच. बल्बखाली गर्दी केली तर बल्ब खाली घ्या, चोच उघडी ठेवून कडेला पळाली तर वर घ्या. सगळीकडे सारखी पसरून चरत असली की काम जमलं. दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी करत न्या आणि थंडीत चार आठवडे तरी ऊब काढू नका.

वीज गेली तर? बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. तिच्या विषारी वायूने पिल्लं मरतात आणि माणसंही. गरम पाण्याचे डबे गोणपाटात गुंडाळून कड्यात ठेवा, तीन-चार तास निभतात. खिडक्यांना पोती लावताना वरचा फूटभर भाग मोकळा सोडा, नाहीतर विष्ठेच्या अमोनियाने डोळे चुरचुरतील आणि सर्दी लागेल. पाणी कोमट द्या. ज्यांची शेपटीखालची जागा विष्ठेने चिकटून बंद झालीय, ती कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून सोडवा. ओढू नका, कातडी निघते.

उरलेली ३३ सावरली की सातव्या दिवसाच्या आसपास राणीखेतवरची लासोटा लस डोळ्यात एक थेंब, २८व्या दिवशी पुन्हा. लस बर्फातूनच आणा आणि कालवल्यावर दोन तासांत संपवा. मलूल पिल्लांना घाईने लस देऊ नका.

प्रश्न : कांदाचाळीतला निवडून टाकलेला कांदा आठवडाभर गाईला दिला. आता लघवी काळपट लाल होते, गाय सुस्त आहे.
— एक गृहिणी, लासलगाव परिसर

उत्तर : कांदा आत्ताच बंद करा आणि आजच पशुवैद्यकाला बोलवा. कांद्यातल्या गंधकयुक्त घटकांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांचा रंग लघवीत उतरतो. कांदा खाल्ल्यावर हे लगेच नव्हे, काही दिवसांनी दिसतं, म्हणून लोकांना कारण लक्षात येत नाही. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहा, पांढुरकी असेल तर रक्त बरंच गेलंय. मात्र गोचिडांमुळे होणाऱ्या बबेसियातही लघवी अशीच होते, वर बहुधा ताप असतो. म्हणून ताप मोजून आणि रक्ताची काच (काचपट्टीवरचा नमुना) तपासूनच उपचार व्हावेत. तोवर गाईला सावलीत बांधा, चालवू नका, भरपूर पाणी आणि चांगला चारा द्या.

भाव पडला की कांदा जनावरांपुढे ओतला जातो, आणि तेव्हाच हे प्रसंग घडतात. गाय-म्हैस याला सर्वांत नाजूक, शेळ्या-मेंढ्या थोडं जास्त सोसतात. द्यायचाच तर दोन-तीन किलो, चारा खाल्ल्यावर, कधीमधी. सडका, बुरशी आलेला कोणालाच नाही. दुधालाही वास लागतो.

प्रश्न : गावरान कोंबडी खुडूक (अंडी उबवायला) बसलीय. अंडी किती ठेवू?
— एक वाचक, दिंडोरी

उत्तर : दहा ते बारा, आठवड्याच्या आतली, न धुतलेली आणि फ्रिजमध्ये न ठेवलेली. संध्याकाळी अंधार पडल्यावर ठेवा. आधी तिच्या पिसांत उवा, गोचिड नाहीत ना ते पाहा, नाहीतर ती मध्येच उठते. सातव्या रात्री अंडी बॅटरीवर धरा : शिरांचं जाळं दिसलं तर ठेवा, स्वच्छ दिसलं तर काढा. दाणा-पाणी जवळच ठेवा, दिवसातून पंधरा-वीस मिनिटं ती उठेल. १८व्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नका. २१व्या दिवशी पिल्लं निघतील. आईखालच्या पिल्लांना बल्ब लागत नाही, पण रात्री खुराड्याची जाळी बारीक असू द्या. मुंगूस दोन इंचाच्या फटीतूनही आत येतो.