ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात फ्रीजशिवाय इन्सुलिन माठात ठेवलं तर टिकतं का?

तुमची आई ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एकटी राहते, घरात फ्रीज नाही आणि शेजारच्या काकू म्हणतात, कुपी माठात ठेवा. काकूंचं बरोबर आहे, पण फक्त चालू कुपीपुरतं. न उघडलेल्या कुप्यांना २ ते ८ अंशच लागतात. त्यांचा साठा घरी करूच नका. औषधवाल्याच्या फ्रीजमधून एकावेळी एकच कुपी आणा. उघडलेली कुपी २५-३० अंशांखाली साधारण चार आठवडे चालते. नेमके दिवस खोक्यातल्या कागदावर असतात. उघडल्याची तारीख कुपीवरच लिहून ठेवा.

माठ असा तयार करा: मोठ्या कुंडीत वाळूचा थर द्या, त्यात लहान मडकं बसवा, मधली फट वाळूने भरून ती भिजवा. कुपी घट्ट झाकणाच्या डबीत घालून मडक्यात ठेवा आणि वर ओलं फडकं टाका. सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी. मडकं जुनं, तेलकट किंवा रंगवलेलं नको; छिद्रं बुजली की पाझर थांबतो. जागा सावलीची पण वाऱ्याची हवी. बरेच जण ते कपाटात कोंडतात आणि मग माठाला नावं ठेवतात!

गारवा येतो तो पाणी उडून जाण्यानं, म्हणून हवा कोरडी हवी. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर पाणी उडून हवा फार तर २३ अंशांपर्यंत उतरू शकते, मडकं त्याच्या थोडं वरच राहतं. म्हणजे लू (उन्हाळ्यातला कोरडा, गरम वारा) वाहते तेव्हाच माठ उत्तम चालतो. पावसाळ्यात ३३ अंश आणि ७५ टक्के दमट हवेत तीच मर्यादा २९ वर जाते. तेव्हा माठाचा भरवसा नाही. मडक्यात साधा थर्मामीटर ठेवून आकडा बघा, अंदाजावर जाऊ नका.

मडक्यात बर्फ मात्र टाकू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून पूर्वीसारखं दिसलं तरी फेकायचंच. पारदर्शक औषध गढूळ झालं, किंवा गढूळ प्रकारचं तळव्यांत घोळवूनही गुठळ्या राहिल्या, काचेला पांढरे कण चिकटले, तर तेही बाद. उन्हानं कमजोर झालेलं मात्र पुष्कळदा अगदी चांगलं दिसतं. जेवण तेच, डोस तोच आणि साखर चढतेय, असं झालं तर आईनं स्वतःच डोस वाढवू नये. आधी नवी कुपी सुरू करावी आणि डॉक्टरांना कळवावं.