ताई, ब्रेडीचा रिझ्युमे बघितलाय का?

ताई, पत्र मिळालं. तुम्ही डेट्रॉइटजवळ राहता, मुलगा अकरावीत, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये दुसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक (बॉल फेकून खेळ चालवणारा), मॅचमध्ये चान्स मिळत नाही पण प्रॅक्टिसमध्ये रोजचे तीन तास जातात, बाबा म्हणतात सोड ते आणि एसएटीचा, म्हणजे कॉलेज प्रवेश परीक्षेचा, अभ्यास कर, आणि पोरगं एकच पालुपद लावतंय, "टॉम ब्रेडी पण बेंचवरच होता". यावर काय बोलायचं असं तुम्ही विचारलंय.

खरं बोलतोय तो, पण अर्धंच. सगळ्यांना एवढंच पाठ असतं की 2000 च्या ड्राफ्टमध्ये (प्रो टीम्स नवे खेळाडू निवडतात त्यात) ब्रेडीचा नंबर 199 वा, सहावा राऊंड, त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक उचलले गेले आणि मग पठ्ठ्याने सात सुपर बोल (प्रो फुटबॉलची फायनल) जिंकले. भारीच आहे ते. पण शाळेचं बघा ना. सुरुवातीला तो ज्युनियर टीममध्येही राखीव होता, आणि ती टीम एकही मॅच जिंकत नव्हती, तरी अकरावीपर्यंत तो मेन टीमचा क्वार्टरबॅक झालेला. 1995 मध्ये तर माँट्रियल एक्सपोज या बेसबॉल टीमने त्याला ड्राफ्ट केलं होतं, ते सोडून तो मिशिगन युनिव्हर्सिटीत गेला. म्हणजे त्याचा बेंच मिशिगनचा होता, 1997 ला नॅशनल चॅम्पियन झालेल्या टीमचा, तेव्हा ब्रायन ग्रीसी खेळायचा आणि हा बघत बसायचा. तुमच्या मुलाचा बेंच आणि तो बेंच एक नाही, हे त्याला प्रेमाने पण स्पष्ट सांगा.

आता बाबांसाठी. मिशिगनमध्ये ब्रेडी इतका वैतागला होता की कॅलिफोर्नियाला परत जायचा विचार चाललेला. तिथे ग्रेग हार्डन म्हणून काउन्सेलर होते (आमच्याच जातकुळीतले, म्हणून मला जरा जास्त प्रेम). ब्रेडीची तक्रार काय, तर प्रॅक्टिसमध्ये मला दोन-तीनच रेप्स (खेळून बघायचे चान्स) देतात. हार्डननी सांगितलं, मग त्या दोन-तीन चोख कर. त्याने केल्या, मग जास्त मिळायला लागल्या. 1998 ला जागा मिळाली, पण त्याच वर्षी ड्रू हेन्सन नावाचा नवा स्टार पोरगा आला, आणि 1999 मध्ये कोच लॉइड कारनी काय करावं, पहिला क्वार्टर ब्रेडी, दुसरा हेन्सन, आणि पुढे कोण ते हाफटाइमला ठरणार! दुसरा कोणी असता तर बॅग भरून निघाला असता. हा थांबला, शेवटी जागा घेतली आणि ऑरेंज बोल या मोठ्या कॉलेज मॅचमध्ये अलाबामाला ओव्हरटाइममध्ये 35-34 हरवलं. प्रोमध्ये पण तेच, त्याला उचलणाऱ्या पॅट्रियट्सकडे पहिल्या वर्षी जेमतेम एका मॅचमध्ये उतरला, सप्टेंबर 2001 ला मेन क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसोला मार लागला तेव्हा हा तयार होता आणि त्याच सीझनला सुपर बोल. नशीब आहेच यात, मी नाही म्हणत नाही.

आणि हे पोरं कधीच सांगत नाहीत: त्याने डिग्री पूर्ण केली, कॉलेजात असताना मेरिल लिंचमध्ये इंटर्नशिप केली. तेव्हाचा रिझ्युमे त्याने नंतर फेसबुकवर टाकला होता, पाचव्या राऊंडनंतर याची गरज पडणार असंच वाटलेलं म्हणे. ब्रेडी स्वतः प्लॅन बी घेऊन बसला होता, मग तुमच्या चिरंजीवांना काय हरकत आहे?

तेव्हा फुटबॉल आत्ता सोडायला लावू नका, घरात नुसती भांडणं होतील. मुलाने स्वतः कोचला जाऊन विचारायचं (तुम्ही नाही, बाबा तर अजिबात नाही) की पुढच्या वर्षी मी तुमच्या डोक्यात कुठे आहे, दुसऱ्या पोझिशनला खेळू का. उत्तर गोलमोल आलं तर तेही उत्तरच. अभ्यासाचं म्हणाल तर डिव्हिजन वनला (कॉलेज खेळांचा सगळ्यात वरचा गट) 16 कोर कोर्सेस, म्हणजे शाळेतले मुख्य विषय, आणि त्यात किमान 2.3 जीपीए (सरासरी ग्रेड) लागतो, ते शाळेच्या काउन्सेलरकडे बसून आत्ताच मोजा, बारावीत कळून उपयोग नाही. डिव्हिजन थ्रीची कॉलेजं पण बघा, तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते पण अभ्यास सांभाळून खरंच खेळता येतं, आणि आपल्या लोकांना ती माहीतच नसतात. एसएटी मार्चमध्ये देऊ दे, तेव्हा सीझन नसतो, म्हणजे बाबांचं तीन तासांचं गणित पण सुटेल. कोच काय म्हणाले ते मला कळवा, त्यावरून कॉलेजची यादी बनवू.