सिग पी३६५ सारख्या छोट्या कॅरी पिस्तुलाचा ट्रिगर बदलून हलका करावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात कॉलेजात असताना बालेवाडीला १० मीटर एअर पिस्तूल खेळायचात, आता टेक्सासमध्ये आहात, ग्रीन कार्ड आल्यावर सिग कंपनीचं पी३६५ घेतलं. ट्रिगर जड लागतो, गोळ्या डावीकडे खाली जातात, आणि ऑनलाइन साडेतीन पाउंडाचं ट्रिगर किट दिसलंय. टाकावं का?

कमरेला लावून फिरणार असाल तर टाकू नका. ट्रिगरचा आकार आवडत नसेल तर आकार बदला, त्याच्या वजनाला, म्हणजे तो दाबायला लागणाऱ्या जोराला, हात लावू नका. मीही टेक्सासमध्येच राहतो आणि वीकेंडला इथल्या एका इंडोर रेंजवर नवख्यांना शिकवायला मदत करतो. एअर पिस्तुलावरून आलेल्या आपल्या मंडळींचं गाडं नेमकं इथेच अडतं.

आधी गणित बघा. एअर पिस्तुलाचा ट्रिगर नियमाने किमान ५०० ग्रॅमचा, आणि पिस्तूल साधारण किलोभराचं. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर प्रकारात सुवर्ण जिंकलं, तिथेही किमान मर्यादा १००० ग्रॅमच आहे. तुमचं पी३६५ रिकामं असताना जेमतेम ५०० ग्रॅम भरतं आणि ट्रिगर साडेपाच-सहा पाउंडाचा, म्हणजे अडीच किलोच्या आसपास किंवा वर. पिस्तुलाच्या वजनाच्या पाचपट जोर एका बोटाने लावायचा आणि बाकीच्या हाताने तेच पिस्तूल जागेवर धरून ठेवायचं. एका हाताने, सैल बोटांनी धरायची एअर पिस्तुलाची सवय इथे उपयोगाची नाही. डाव्या हाताने घट्ट आवळावं लागतं.

आणि गोळ्या खाली-डावीकडे जाण्यात ट्रिगरचा दोष किती, हे किट मागवण्याआधी फुकटात कळतं. मित्राला मॅगझिन भरायला सांगा, खऱ्या गोळ्यांमध्ये एकदोन डमी राउंड (न उडणाऱ्या नकली गोळ्या) कुठेतरी मिसळून. तुम्हाला क्रम कळू द्यायचा नाही. डमीवर ट्रिगर दाबला की नुसतं 'टक' होतं, आणि त्या क्षणी पुढची साइट (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) कुठे जाते ते बघायचं. उजव्या हाताच्या बहुतेक नवख्यांची नळी खाली डुबकी मारते, कारण धक्का येणार म्हणून मनगट आधीच त्याला तोंड द्यायला निघालेलं असतं. ट्रिगर साडेतीन पाउंडाचा केला तरी ही डुबकी तशीच राहते, फक्त गोळी थोडी लवकर सुटते.

आता किटमध्ये असतं काय? तीन वेगळ्या गोष्टी 'ट्रिगर अपग्रेड' या एकाच नावाने विकल्या जातात. पहिली म्हणजे बोट टेकतं तो तुकडा, सपाट किंवा वेगळ्या वळणाचा. यात फारसा धोका नाही. सिगने स्वतःच २०१९ च्या पी३६५ एक्सएलला सपाट ट्रिगर दिला. बोट थोडं खालच्या टोकाला टेकलं की तरफेचा फायदा मिळतो आणि तोच ट्रिगर हलका भासतो. दुसरी, स्प्रिंगा. स्ट्रायकरची (गोळीवर टोला मारणारी आतली पिन) स्प्रिंग हलकी केली की ट्रिगर छान होतो खरा, पण प्रायमरवर, म्हणजे गोळीच्या बुडाच्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर, टोला कमी बसतो आणि एखाद दिवशी गोळी उडतच नाही. रेंजवर त्याला हसून सोडून देता येतं. तिसरी, सिअर, म्हणजे स्ट्रायकरला रोखून धरणारा तुकडा, आणि त्याची पकड. घरी बसून तिथे पॉलिश, फाइल, ड्रेमेल (घासायचं छोटं मशीन) असलं काहीही करू नका. वरचा कडक थर एकदा घासला गेला की पकड कधी निसटेल याचा नेम नाही.

पहिल्या प्रकारातही एक मेख आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सिगने आपल्याच पी३२० या दुसऱ्या पिस्तुलासाठी 'व्हॉलंटरी अपग्रेड' (ऐच्छिक सुधारणा) जाहीर केलं, कारण विशिष्ट कोनात मागच्या बाजूवर आपटलं की ते पिस्तूल उडू शकत होतं. मोठं कारण होतं ट्रिगरच्या तुकड्याचं स्वतःचं वजन: पिस्तूल जमिनीवर थांबायचं, पण ट्रिगर आपल्याच जोराने मागे जात राहायचा. त्यावरच्या उपायात ट्रिगर हलका, कमी वस्तुमानाचा केला गेला. म्हणून कुठलाही बाहेरचा ट्रिगर घेताना तो दिसतो कसा यापेक्षा भरतो किती हे आधी विचारा. जाडजूड धातूचा रंगीत तुकडा फोटोत मस्त दिसतो, एवढंच.

पी३६५ बद्दल आणखी एक. ग्लॉक या दुसऱ्या कंपनीच्या पिस्तुलात ट्रिगरच्या मधोमध छोटी पट्टी असते, ती दाबली गेल्याशिवाय ट्रिगर मागे येत नाही. पी३६५ मध्ये ती पट्टी नाही. आत स्ट्रायकर सेफ्टी आहे, पण ट्रिगर मागे आला की तीही बाजूला होते. तुमच्याकडे मॅन्युअल सेफ्टीचं (हाताने लावायच्या खटक्याचं) मॉडेल नसेल तर चुकून दाबला गेलेला ट्रिगर आणि सुटलेली गोळी यांच्यामध्ये फक्त ते वजन आणि तो थोडासा प्रवास उभा असतो. पिस्तूल परत होल्स्टरमध्ये (कमरेच्या म्यानात) सरकवताना शर्टाचं टोक किंवा जॅकेटची दोरी ट्रिगरगार्डात अडकणं ही काल्पनिक भीती नाही. पोटापुढे लावत असाल तर नळी कुठल्या दिशेला रोखलेली असते ते मी सांगायला नको.

जड म्हणजे सुरक्षित असंही नाही हं. न्यूयॉर्क पोलिसांच्या ग्लॉकना वर्षानुवर्षं १२ पाउंडांचा ट्रिगर होता. ऑगस्ट २०१२ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी १६ गोळ्या झाडल्या आणि नऊ वाटसरू जखमी झाले, त्यातले काही उडालेल्या तुकड्यांनी. तेव्हा या ट्रिगरवर सडकून टीका झाली. साडेपाच-सहा पाउंड हा मधला मार्ग आहे, आणि तो सरावाने जमतो.

कायद्याचं म्हणाल तर टेक्सासमध्ये ट्रिगर बदलणं गुन्हा नाही. पण स्वसंरक्षणात गोळी झाडली तर तुमचा बचाव असा असतो, की मी हे जाणूनबुजून, नाइलाजाने केलं. ट्रिगर फाजील हलका असला की समोरच्या वकिलाला 'ती चुकून सुटली' म्हणायला जागा मिळते, आणि चुकून सुटलेल्या गोळीला स्वसंरक्षणाची ढाल लागू पडणं कठीण. मसाद आयूब यांच्यासारखे स्वसंरक्षणातले जाणकार हेच सांगत आलेत. (एच-वन-बीवर असलेल्या वाचकांनी या फंदात पडण्याआधीच थांबावं. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगणं हाच फेडरल गुन्हा आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, ते वकिलाला विचारून घ्या.)

मग करायचं काय? पिस्तूल रिकामं करा, चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा आणि भिंतीवरच्या एका ठिपक्यावर रोज थोडा वेळ ड्राय फायर, म्हणजे गोळीविना ट्रिगर दाबायचा सराव, करा. ट्रिगरचा पहिला सैल प्रवास संपून जिथे तो 'अडतो' तिथवर आरामात या, मग साइट न हलवता दाब वाढवत न्या. हे तुम्हाला एअर पिस्तुलाने शिकवलेलंच आहे, तेवढं सोबत आणा. वापराने फॅक्टरी ट्रिगरही थोडा मऊ होतो. ट्रिगर गेज घेऊन आधी मोजा, बरेचदा 'सात पाउंडाचा' वाटणारा ट्रिगर साडेपाचचा निघतो.

एवढं करूनही आकार खटकत असेल तर सिगचाच सपाट ट्रिगर घ्या आणि गनस्मिथकडून बसवून घ्या. नंतर रिकाम्या पिस्तुलावर रीसेट (ट्रिगर सोडल्यावर पुढच्या फेरीसाठी परत जागेवर येणं) तपासा, आणि कॅरीला जी होलो पॉइंट (टोकाला पोकळ) वापरता तीच गोळी निदान २०० वेळा विनातक्रार चालल्याशिवाय ते कमरेला लावू नका. साडेतीन पाउंडाची हौस असेल तर रेंजसाठी दुसरं मोठं पिस्तूल घ्या आणि त्या मॉडेलचं किट त्यात टाका. काढलेले मूळ भाग फेकू नका, पिशवीत घालून मॉडेलचं नाव लिहून ठेवा. दुरुस्तीला पाठवताना किंवा विकताना लागतील.