पहिले निदान चुकले होते का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. गेल्या वर्षी तो तीन-चार महिने पार खचला होता. नोकरीवर जाईना, कोणाशी बोलेना. डॉक्टरांनी नैराश्यावरच्या गोळ्या दिल्या. महिन्याभरातच तो रात्री जेमतेम दोन-तीन तास झोपू लागला, अखंड बोलू लागला, कर्ज काढून धंदा उभारण्याच्या गोष्टी करू लागला. कोणी अडवले की अंगावर धावून जाई. दुसऱ्या डॉक्टरांनी बायपोलर विकाराचे (कधी नैराश्य, तर कधी बेफाम उत्साह) निदान करून लिथियम हे औषध सुरू केले. पहिले निदान चुकले होते का? रक्त तपासून हे आधी कळले नसते का? आता तो बरा आहे, मग गोळ्या कधी थांबवायच्या? — एक वाचक, सातारा

उत्तर : पहिल्या डॉक्टरांना जे दिसले ते नैराश्यच होते आणि तुमच्या पत्रावरून तरी त्यांच्याकडे बोट दाखवावे असे मला वाटत नाही. बायपोलर विकाराची सुरुवात पुष्कळदा नैराश्याने होते, आणि पुढेही रुग्णाचा जास्त काळ उन्मादात, म्हणजे बेफाम उत्साहाच्या अवस्थेत नव्हे, तर नैराश्यात जातो. त्या अवस्थेत समोर बसलेला माणूस बायपोलर आहे की निव्वळ नैराश्याचा रुग्ण आहे, हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. हे दोन विकार वेगळे मानावेत यासाठीचा भक्कम पुरावा १९६६ साली स्वित्झर्लंडमध्ये ज्यूल्स आंग्स्ट आणि स्वीडनमध्ये कार्लो पेरिस या मनोविकारतज्ज्ञांनी स्वतंत्रपणे मांडला. त्यासाठी त्यांनी रुग्णांची आजची लक्षणे नव्हे, तर आजाराची वर्षानुवर्षांची वाटचाल आणि घराण्याचा इतिहास पाहिला होता. आजही निदानाचा खरा आधार तोच आहे.

अडचण अशी की, उत्साहाच्या सौम्य लाटेची तक्रार रुग्ण कधीच करत नाही. त्या दिवसांत त्याला झोप कमी पुरते, कामे भराभर उरकतात आणि घरचेही 'पोरगा मार्गाला लागला' म्हणून समाधान मानतात. प्रचलित निकषांनुसार अशी स्थिती सलग चार दिवस टिकली तरी तिची नोंद घ्यावी लागते. व्यवहार कोलमडण्याइतकी ती तीव्र होऊन आठवडाभर राहिली, तर तो उन्माद. म्हणून नैराश्याच्या रुग्णासोबत घरातले कोणी आले असेल, तर त्यांनाच विचारावे लागते : याआधी कधी तो न थकता, न झोपता, नेहमीपेक्षा निराळा वागत होता का? घराण्यात कोणाला असा आजार होता का? पंचविशीच्या आत सुरू झालेले नैराश्य असेल, तर हे प्रश्न अधिकच आग्रहाने विचारायला हवेत. अमेरिकेत २००० साली एका रुग्णसंघटनेने बायपोलर रुग्णांची पाहणी केली, तेव्हा जवळपास ७० टक्के रुग्णांनी आपले पहिले निदान वेगळेच झाल्याचे सांगितले, आणि एक तृतीयांशाहून अधिक जणांना योग्य निदान होईपर्यंत दहा किंवा त्याहून जास्त वर्षे लागली होती. तुमच्या भावाचे निदान वर्षभरात झाले, ही गोष्ट मी खरोखर मोलाची मानतो.

रक्ताची तपासणी मात्र नाही. थायरॉइड आणि इतर शारीरिक कारणे वगळण्यासाठी रक्त तपासतात, पण बायपोलर विकार दाखवणारी चाचणी किंवा मेंदूचे स्कॅन आज रोजच्या वापरात नाही. कोणी तसा दावा करून पैसे मागत असेल, तर देऊ नका.

गोळ्या थांबवण्याविषयी डेन्मार्कमधला एक जुना प्रयोग सांगतो. उन्मादावर लिथियमचा गुण येतो हे मेलबर्नचे मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांनी १९४९ साली दहा रुग्णांच्या अनुभवावरून लिहिले होते. बरे वाटत असतानाही ते चालू ठेवल्याने आजाराचा पुढचा झटका टळतो का, हा प्रश्न डेन्मार्कचे मनोविकारतज्ज्ञ मोगेन्स शाऊ यांनी धसाला लावला. त्यांच्या स्वतःच्या भावाला वारंवार नैराश्य येत असे. लिथियमवर स्थिर असलेल्या ८४ रुग्णांपैकी ३९ जणांना त्यांच्या नकळत निष्क्रिय (औषध नसलेली) गोळी देण्यात आली. पाच महिन्यांत त्यांतले २१ जण पुन्हा आजारी पडले. लिथियम चालू असलेल्या ४५ जणांपैकी एकही नाही. हे निष्कर्ष १९७० साली प्रसिद्ध झाले. 'बरा आहे, मग गोळी कशाला?' या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे : तो बरा आहे तो बहुधा गोळीमुळेच. औषध कमी करायचे की नाही, हे डॉक्टरांसोबत बसून ठरवा. एकदम बंद तर कधीच करू नका, त्याने उन्माद उसळून येण्याचा धोका वाढतो.

प्रश्न : आईचे वय ६२ आहे. पहाटे चारला तिला जाग येते. सकाळी ती खाटेच्या कडेला तासन् तास बसून राहते. काही विचारले तर बऱ्याच वेळाने एका शब्दात उत्तर देते. नातू मांडीवर बसला तरी चेहरा हलत नाही. संध्याकाळी किंचित बरी असते. 'माझ्या हातून पाप घडलंय' एवढेच म्हणते. दोन औषधे झाली. नातेवाईक म्हणतात देवदर्शनाला न्या, डॉक्टर म्हणतात शॉक ट्रीटमेंट द्या. आम्ही घाबरलो आहोत. — एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्ही जे लिहिले आहे ते मेलँकोलिक नैराश्याचे चित्र आहे. सिडनीचे मनोविकारतज्ज्ञ गॉर्डन पार्कर आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे सांगत आले आहेत की, नैराश्य हा एकच आजार कमी-अधिक तीव्रतेने होतो असे नसून हा त्याचा निराळा प्रकार आहे आणि तो हालचालींत दिसतो. त्यांनी रुग्णाला प्रश्न न विचारता नुसते पाहून नोंदवायची १८ चिन्हे ठरवली : उत्तराला लागणारा वेळ, चेहऱ्याची निश्चलता, मंद चाल, किंवा उलट अकारण येरझाऱ्या. तुमच्या आईचे खाटेच्या कडेचे ते बसणे याच चिन्हांपैकी आहे. तिने मन घट्ट करायचे नाकारलेले नाही. आनंदाला प्रतिसाद देण्याची शक्तीच आजाराने थोपवून धरली आहे. नातवाने जे झाले नाही, ते देवदर्शनाने होईल अशी आशा धरून दिवस घालवू नका. ती उठून फिरू लागली की देवदर्शनाला अवश्य न्या.

या प्रकारासाठी प्रयोगशाळेतली चाचणी शोधण्याचा मोठा प्रयत्नही झाला. मनोविकारतज्ज्ञ बर्नार्ड कॅरल यांच्या १९८१ सालच्या अभ्यासात रात्री डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची गोळी देऊन दुसऱ्या दिवशी रक्तातले कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक मोजले गेले. चाचणीने मेलँकोलियाचे (मेलँकोलिक नैराश्याचे) ६७ टक्के रुग्ण टिपले. पण वजन उतरणे, दारू, स्मृतिभ्रंश यांनीही ती होकारार्थी येऊ लागली आणि मागे पडली. असा शोध अर्ध्यावर सोडला गेला, याची मला खंत वाटते.

आता शॉकविषयी. तुमची भीती मी समजू शकतो, पण ती या उपचाराच्या जुन्या पद्धतीविषयीची आहे. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध न देता हा उपचार करण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाई आहे. आईला झोप लागलेली असेल. मेंदूला विजेचा हलका प्रवाह देऊन आणलेला झटका (आकडी) साधारण मिनिटभरात संपतो. आठवड्यातून दोन-तीनदा, एकूण सहा ते बारा वेळा उपचार होतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील २५३ रुग्णांच्या अभ्यासात उपचार पूर्ण करणाऱ्यांपैकी ८७ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले, आणि ज्यांना पापाचे वगैरे भ्रम होते त्यांच्यात हे प्रमाण त्याहूनही जास्त निघाले. त्या दिवसांतल्या काही गोष्टी आठवत नाहीत, हा दोष खरा आहे आणि तो डॉक्टरांनी आधी सांगायला हवा. नंतरचे औषध मात्र टाळू नका : त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात शॉकनंतर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी ८४ टक्के रुग्ण सहा महिन्यांत पुन्हा आजारी पडले, तर नॉरट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचे औषध आणि लिथियम एकत्र घेणाऱ्यांपैकी ३९ टक्के.

आई मरणाची भाषा बोलू लागली, किंवा जेवण-पाणी सोडले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्या. रात्री-अपरात्री बोलायला कोणी हवे असेल, तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

प्रश्न : मी लिथियम घेते. निर्जळी एकादशी करू का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : करू नका. शरीरातले पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवते आणि त्याची रक्तातली पातळी चढते. उन्हाळा, जुलाब, अळणी जेवण आणि आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही तेच होते. हाताची थरथर अचानक वाढली, उलट्या-जुलाब लागले, बोलणे जड झाले किंवा तोल जाऊ लागला, तर पुढची गोळी न घेता लगेच डॉक्टरांना गाठा. पातळी तपासताना रक्त आदल्या रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचे असते; त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्या.