सोमवारी जोश, गुरुवारी बंद: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी २२ वर्षांचा आहे. दर महिन्याला ठरवतो की पहाटे ५ ला उठायचं, शंभर जोर मारायचे, थंड पाण्याने आंघोळ, वाचन, डायरी, मोबाईल बंद. चार दिवस जमतं, मग एक दिवस चुकतो आणि सगळंच सुटतं. माझ्यात विलपॉवरच नाही का?

उत्तर: विलपॉवर आहे रे, पण तू सहा नव्या सवयी एकाच सोमवारी सुरू करतोयस आणि त्यातली एक पडली की बाकीच्या पाच पण सोडून देतोयस, प्रॉब्लेम तिथे आहे. २१ दिवसांत सवय लागते हे सगळीकडे ऐकू येतं त्यामुळे बाविसाव्या दिवशी पण कंटाळा आला की वाटतं आपणच बिघडलेले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २००९ मध्ये ९६ जणांवर अभ्यास केला, एखादी गोष्ट आपोआप व्हायला लागायला सरासरी ६६ दिवस आणि माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत असा अंदाज निघाला. पाणी पिण्यासारख्या सोप्या सवयी लवकर लागल्या, व्यायामाची उशिरा. आणि तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मधे एखादा दिवस चुकला तर त्याने सवयीवर फारसा फरक पडला नाही! म्हणजे तुझा तो चुकलेला दिवस निर्दोष आहे, त्यानंतर तू जे करतोस ते नडतं.

आता फक्त दोन गोष्टी घे. एक शरीराची, एक वागण्याची. शरीराची इतकी छोटी की वाईट दिवशी पण होईल, दहा बैठका आणि जमतील तेवढे जोर, बास. आणि वेळ घड्याळाची नको, रोज नक्की घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला जोड, म्हणजे घरी आलो, बॅग ठेवली, की लगेच बैठका. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 'अमुक झालं की तमुक करीन' अशा ठरवण्यावर बरंच काम केलंय, नुसतं 'मी व्यायाम करणार' म्हणण्यापेक्षा हे जास्त टिकतं कारण त्या क्षणी विचार करावा लागत नाही. वागण्याची गोष्ट म्हणजे ज्याला जी वेळ दिली त्या वेळेला पोचायचं. हे शंभर जोरांपेक्षा अवघड आहे, करून बघ. थंड पाणी आणि पहाटेचे ५ सध्या राहू दे, त्यांच्यावाचून काही अडत नाही.

प्रश्न: महिना झाला जिम लावून, आरशात काहीच फरक नाही. सोडू का?

उत्तर: अजिबात नाही. पहिल्या काही आठवड्यांत स्नायू फारसे वाढत नाहीत पण ताकद वाढते, कारण मेंदू आणि नसा आहे तेच स्नायू जास्त चांगले वापरायला शिकतात. त्यामुळे आरसा बघू नका, वही बघा, पहिल्या आठवड्यात किती वजन किती वेळा उचललं होतं आणि आज किती. आकडा वाढला असेल तर काम चालू आहे. वाढला नसेल तर बहुतेक तुम्ही रोज तेच वजन तितक्याच वेळा उचलताय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डीलॉर्म या लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांचे पाय परत उभे केले ते वजन हळूहळू वाढवतच, आजही बेसिक तत्त्व तेच आहे. आठवड्यातून दोन-तीन दिवस पूर्ण शरीराचा व्यायाम पुरतो, डब्ल्यूएचओ पण मोठ्यांना निदान दोन दिवस सांगते. मधल्या दिवसांत विश्रांती घ्या आणि किमान सात तास झोपा.

प्रश्न: माझा मोठा भाऊ रोज न चुकता व्यायाम करतो, बॉडी मस्त, शिस्त जबरदस्त. पण घरी कुणाचं ऐकत नाही, आईला दिलेला शब्द पाळत नाही, जिममध्ये नवीन आलेल्यांना हसतो. शरीर कमावलं की चारित्र्य पण घडतं म्हणतात, मग हे असं कसं?

उत्तर: ताई, हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो. चारित्र्य आपोआप घडत नाही हे सरळ सांगायला पाहिजे. व्यायामाने माणूस त्रास सहन करायला शिकतो, वाट बघायला शिकतो, स्वतःला दिलेला शब्द पाळायला शिकतो, पण हे सगळं स्वतःपुरतं आहे. आईला दिलेला शब्द पाळायचा तर तो आईच्याच बाबतीत पाळावा लागतो, त्याची प्रॅक्टिस दुसरीकडे कुठे होत नाही. शिस्त असलेला माणूस वाईट वागायला पण तितकाच शिस्तीत वागू शकतो.

पण दोन्हींचा सांधा जुळतो अशी जागा आहे, आणि मला वाटतं बरेच जण ती बघतच नाहीत. आठ रेप्स (म्हणजे वजन उचलायच्या खेपा) झाल्या आणि शेवटच्या दोन अर्धवट मारल्या तर वहीत आठच लिहायचं. कुणी बघत नसतं, दहा लिहिलं तरी कोण विचारणार? तिथे खरं लिहायची सवय लागली की बाहेर 'माझ्याकडून नाही झालं' म्हणणं जरा सोपं जातं. तसंच आपल्याला पेलेल तेवढंच वजन घेणं, चार लोक बघतायत म्हणून जास्त न घेणं, कमरेच्या दुखण्यातून पण वाचवतं आणि बढाईतून पण. आणि नवीन माणूस चुकीचा वाकत असेल तर हसण्याऐवजी बाजूला घेऊन नीट दाखवणं, याला मी ताकद म्हणेन, छातीच्या मापाला नाही.

भावाशी भांडणाच्या वेळी बोलू नका, शांत असेल तेव्हा एकच ठरावीक गोष्ट सांगा. 'तू बदल' असं म्हणू नका, 'परवा आईला दवाखान्यात नेतो म्हणालास आणि ती तयार होऊन बसून राहिली' असं काहीतरी सांगा. ज्याला आकडे आणि वही कळते त्याला असं नेमकं बोललेलं बऱ्याचदा पोचतं. नाही पोचलं तर तो दोष तुमचा नाही.

प्रश्न: वय ६४, आयुष्यभर व्यायाम केला नाही. आता सुरू करून काय उपयोग?

उत्तर: खूप उपयोग आहे काका. १९९० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सरासरी ९० वर्षांच्या, तब्येतीने नाजूक अशा १० जणांना देखरेखीखाली ८ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं, ९ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली! तुम्ही तर त्यांच्यापुढे तरुण आहात. बीपी, हृदय किंवा सांध्यांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मग खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचं आणि सावकाश बसायचं, पाच-सहा वेळा, आणि भिंतीला हात टेकून जोर. उठताना श्वास सोडा, रोखून धरू नका. सोपं वाटायला लागलं की एक-दोन वेळा वाढवा, गुडघा दुखला तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा.